नोकरी आणि फ्लॅट सांभाळून पर्यावरणपूरक जगणे आणि योग यांची सांगड कशी घालावी?

आपण विचारले आहे की पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहून, आयटीतली नोकरी सांभाळून पर्यावरणपूरक जगायची इच्छा आहे, योगवर्गही लावून पाहिला, पण दोन्ही गोष्टी महिन्याभरात सुटतात. गावी जाऊन राहणे शक्य नाही, तेव्हा समतोल कसा साधावा. मी कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते, गेली बरीच वर्षे घरचा ओला कचरा घरीच जिरवते आणि सकाळी आसने करते, तेवढ्या अधिकाराने लिहिते.

माझ्या मते दोन्ही गोष्टी सुटतात याचे कारण आळस नसून तुम्ही त्यांना दोन स्वतंत्र उपक्रम मानले आहेत हे आहे, आणि दिवसाच्या आधीच भरलेल्या वेळापत्रकात त्या दोघांना वेगवेगळी जागा शोधत आहात. पतंजलींनी योगाची आठ अंगे सांगितली त्यांत आसन तिसरे येते आणि संपूर्ण योगसूत्रांत आसनाच्या वाट्याला अवघी तीन सूत्रे आहेत. त्याआधी यम, म्हणजे इतरांशी वागण्याची बंधने, आणि नियम, म्हणजे स्वतःला लावायची शिस्त, येतात. यमांतला पाचवा अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे गोळा न करणे, आणि नियमांतले पहिले दोन शौच, म्हणजे स्वच्छता, आणि संतोष. पर्यावरणाच्या नावाने आज आपण जे जे करू पाहतो त्यातले बहुतेक या तीन शब्दांत येऊन जाते. वर्गात मात्र आपण थेट तिसऱ्या अंगापासून सुरुवात करतो आणि पहिल्या दोन अंगांसाठी बाजारात जातो.

म्हणून पहिली सूचना अशी की सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. बांबूच्या दांड्याच्या टूथब्रशचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, आणि स्वस्तातली योगमॅट बहुतेक वेळा पीव्हीसीची असते, जी पुढे भंगारवालाही घेत नाही. घरात सतरंजी असेल तर ती चालते. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून उभ्या आसनांना सरळ अनवाणी फरशीवर उभे राहावे आणि बसायच्या, निजायच्या आसनांना सतरंजी घ्यावी. घोंगडी असेल तर उत्तमच, ती खरखरीत असल्यामुळे फारशी सरकत नाही आणि घडी करून शीर्षासनालाही उपयोगी पडते. जुने स्टीलचे डबे, जुन्या चादरींच्या शिवलेल्या पिशव्या, काचेच्या बरण्या हे सगळे तुमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेच.

दुसरी गोष्ट ओल्या कचऱ्याची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाच्या हातात यापेक्षा मोठे काम क्वचितच असते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत नेऊन टाकला गेला आणि तिथल्या लोकांनी त्यासाठी वारंवार आंदोलने केली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. ढिगाखाली हवा न मिळता ओला कचरा कुजला की मिथेन तयार होतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने त्याचा तापवण्याचा गुण कार्बन डायऑक्साइडच्या 28 पटींच्या आसपास धरला जातो. तोच कचरा तुमच्या गॅलरीत, हवा खेळती असलेल्या टोपलीत कुजला तर मिथेन जवळजवळ होत नाही आणि हाती खत येते.

कृती साधी आहे. बाजूंना भोके असलेली बादली किंवा कपड्यांची जुनी जाळीदार टोपली घ्यावी, तळाशी नारळाच्या शेंड्या आणि चार बोटे सुका पालापाचोळा घालावा, त्यावर दोन मुठी तयार खत विरजण म्हणून टाकावे. मग रोज जेवढा ओला कचरा, तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त पाचोळा चुरून वर पसरावा. हे प्रमाण महत्त्वाचे, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साधारण तीस भाग लागतात. भाजीच्या देठांत आणि चहाच्या चोथ्यात नत्र भरपूर, तर कर्ब असतो तो वाळलेल्या पानांत. पाचोळा कमी पडला की नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो. ओल जास्त होऊन हवा कोंडली की सडक्या अंड्याचा वास येतो. दोन्हींवर उपाय एकच: सगळे उपसून हलवावे आणि कोरडा पाचोळा किंवा नारळाचा भुसा मिसळावा. मूठभर मिश्रण दाबले तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघावा, धार लागू नये. चार-पाच दिवसांनी मधोमध हात घातला तर आतले कोमट ते चांगलेच गरम लागते, थंडीत तर झाकण काढताच वाफ दिसते; घरातल्या मुलांना हे एकदा दाखवा, नंतर कचरा टाकायला तीच पुढे येतात. राखाडी, चपट्या, भराभर वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नये, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, चावत नाहीत आणि काम झपाट्याने उरकतात. चिलटे मात्र उघड्या राहिलेल्या फळांच्या सालींमुळेच होतात, तेव्हा वरचा थर नेहमी पाचोळ्याचा असावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते, ते चाळून घ्यावे आणि चाळणीत उरलेले जाडेभरडे पुढच्या टोपलीत विरजणाला वापरावे.

सोसायटी म्हणून यंत्र घ्यायचा विचार चालला असेल तर एक सांगते. आमच्याकडे आलेले यंत्र चोवीस तासांत खत देणार होते. प्रत्यक्षात ते वीज जाळून कचरा नुसता वाळवून द्यायचे, आणि ती पूड कुंडीत घालून पाणी मिळताच पुन्हा कुजायला लागायची. शेवटी विटांचे जाळीदार हौद बांधले, ते आजही चालू आहेत. सुक्या कचऱ्याबद्दल एवढेच की तो कोरडा आणि वेगळा द्यावा, आणि सॅनिटरी पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताईंना तो कचरा हाताने निवडावा लागतो.

फळांच्या सालींचे बायोएंझाइम, म्हणजे आंबवून केलेले सफाईचे द्रावण, करण्याची सध्या हौस आहे, तेही जमण्यासारखे आहे: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचे आणि पहिला महिना रोज झाकण सैल करून हवा सोडायची. मात्र घरात शहाबादी किंवा संगमरवरी फरशी असेल तर त्याने पुसू नये. हे द्रावण आम्ल असते आणि चुनखडीच्या दगडाची चकाकी खाऊन टाकते.

विजेचे गणित लहान आहे. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होते, आणि आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुना पंखा 75 वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा 30 ते 35. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर त्याची वीज सुमारे सहा टक्के वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो.

योगाचा आणि या सगळ्याचा खरा सांधा मला इथेच दिसतो. त्रिकोणासनात पाऊण मिनिट थांबल्यावर मांडी बोलू लागते, आणि ताण कोणता, दुखापत कोणती हे हळूहळू ओळखता येऊ लागते. ताण सोसण्यासारखा असतो, दुखापत दिसताच थांबायचे असते. एप्रिलच्या दुपारी एसी 22 वर न्यावा की पंख्यावर भागेल, दहा मिनिटांच्या अंतरासाठी गाडी काढावी की चालावे, हा निवाडा त्याच जातीचा आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किंवा तान्ह्या बाळाला उन्हाळा सोसत नसेल तर एसी लावावाच, त्यात तत्त्वाचा अहंकार आणू नये. पण आपल्या शरीराला थोडी गैरसोय झेपते हे रोज सकाळी अनुभवलेल्या माणसाला पुढचे नकार जड जात नाहीत. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात मिताहार, म्हणजे बेताचे खाणे, सांगताना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगितला आहे, तोही याच शिस्तीचा भाग; ताटात उरलेले टाकून द्यायची वेळच मग कमी येते.

सरावाला वीस-पंचवीस मिनिटे पुरेत, पण शिकताना शिक्षक समोर असावा. महाराष्ट्रात त्याची वानवा नाही: लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये काढले आणि आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायची प्रथा तिथे सुरू केली, तर पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था 1975 पासून आहे आणि खुर्ची, पट्टा, विटा यांच्या आधाराने ताठर शरीरालाही आसन कसे जमवता येते हे तिथून जगभर गेले. रक्तदाब असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका हे जोराच्या श्वसनाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून बसतो आणि धूर, धूळ त्यातच साचते, म्हणून त्या दिवसांत रस्त्याकडेच्या बागेत पहाटे जोरजोरात श्वसन करण्यापेक्षा ऊन वर आल्यावर करावे.

निसर्गासाठी सुट्टी काढून रिसॉर्टला जाण्याची गरज नाही. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी यांपैकी घराजवळची एक टेकडी आणि तिच्यावरची एकच वाट निवडा आणि वर्षभर तीच चाला. मी वेताळ टेकडीवर जाते. तिथे मोठ्या भागात उंदीरमारी माजली आहे. हिरवळ लवकर दिसावी म्हणून लावलेले हे परदेशी झाड फेब्रुवारीत गुलाबी फुलते आणि फोटोत छान येते, पण त्याच्या गर्दीत आपली झाडे फार उगवताना दिसत नाहीत. त्यातून वाट काढत खडकाळ उतारावर गेलात तर सालई आणि मोई भेटतात, आणि त्याच सुमारास एकही पान नसलेला गणेर तळहाताएवढी पिवळीधमक फुले घेऊन उभा असतो. फुले वरून एक-एक करून पडतात आणि खाली मुंग्या त्यांत शिरतात. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून आलेल्या नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते, पक्षी मात्र क्वचितच दिसतो. असे एक झाड, एक पक्षी ओळखीचा झाला की पुढच्या वर्षी त्याची वाट पाहिली जाते आणि चालणे आपोआप टिकते. टेकडीवर मोरांना दाणे टाकू नयेत आणि मनाला येईल ते रोप नेऊन लावू नये; लावायचेच तर तिथले जाणकार काय लावतात ते विचारून लावावे.

घरातले बाकीचे लोक साथ देतीलच असे नाही. त्यांना शिकवण्याच्या भरीस पडू नका, टोपली तुमच्या हाताखाली ठेवा. यंदा सुरुवात करणार असाल तर जानेवारी ते मार्च या पानगळीच्या दिवसांत झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून, पाने जाळू न देता, तीन-चार पोती सुका पाचोळा भरून गॅलरीच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवून द्या. जूननंतर कोरडे पान मिळत नाही, आणि बहुतेकांची टोपली बंद पडते ती नेमकी पावसाळ्यात.