जॅझ वाजवणारा माणूस सिनेमा-मालिकांना संगीत द्यायला लागला की त्याच्यातला वादक संपतो का? जपानमध्ये असं कोणी केलंय का?

केलंय की. युजी ओनो. आणि नाही, वादक संपत नाही.

खरं तर इथेच थांबायला हवं, पण आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ गिटारवादक हाच प्रश्न मला कित्येक वर्षं टोमणा म्हणून विचारत आलेत. मी बेस वाजवतो. एका मालिकेच्या पार्श्वसंगीताचं काम घेतलं तेव्हा हे गृहस्थ चारचौघांत म्हणाले, "आता तू वादक नाहीस, दुकानदार झालास." पुढच्या तालमीला मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले आणि ओनोंची 'ल्युपिन द थर्ड'ची धून सुरू केली. नाव सांगितलं नाही. बेसवर मान डोलायला लागली, ब्रास आल्यावर डोळेच मिटले. "कुठला बँड रे? अमेरिकन?" म्हटलं, "जपानी कार्टूनचं टायटल म्युझिक." हेडफोन काढून त्यांनी चहा मागवला. विषय बंद.

ओनो मूळचे पियानोवादक, जन्म १९४१ चा. केओ विद्यापीठाच्या बिग बँडमधून आले, स्वतःचा ट्रिओ, म्हणजे तिघांचा बँड, चालवला, मग जाहिराती आणि पडदा. १९७६ मध्ये दिग्दर्शक कोन इचिकावांच्या 'इनुगामी' रहस्यपटाला त्यांनी डल्सिमरवर चाल बांधली, म्हणजे संतूरच्या भाऊबंदांतलंच वाद्य. खुनाच्या गोष्टीला इतकी हळवी चाल! पुढच्याच वर्षी ल्युपिनची दुसरी मालिका आली, १५५ भागांची, आणि १९७९ मध्ये ल्युपिनवरचाच, ॲनिमेशन दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा पहिला चित्रपट; संगीत दोन्हींना ओनोंचंच. ल्युपिनची तीच धून १९७८, ७९, ८० अशी दर वेळी नव्याने अरेंज केलेली, म्हणजे वाद्यांची मांडणी बदललेली, ऐका. जॅझवाला आयुष्यभर दुसरं काय करतो? १९९९ पासून तर याच चाली ते ट्रिओ घेऊन पुन्हा जॅझ म्हणून वाजवू लागले.

आपल्याकडे चिक चॉकलेटही ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि सी. रामचंद्रांकडे अरेंजमेंट करायचे. फरक एवढाच, की आपल्या गोवेकर अरेंजरांची नावं बहुतेक वेळा पोस्टरवर आलीच नाहीत. चीड यायची तर त्याची यावी.

हां, सगळीच कामं ओनोंसारखी मिळत नाहीत हे खरं. मालिकांत बऱ्याचदा सासू वळली की धडाम, एवढंच हवं असतं. पण काम मिळालं तर घ्या, पैसे आधी ठरवा, स्टेज सोडू नका आणि कोणाची परवानगी मागत बसू नका. आमचे गृहस्थ हल्ली लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात. ते बहुधा दुकान नसावं.