शेतातल्या पांढरीच्या टेकाडाचा इतिहास कसा कळेल, आणि जमीन सरकार घेईल का?

पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, खापरं निघतात म्हणून कुणी जमीन काढून घेत नाही, हे आधी सांगतो. टेकाड संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालं तरी सातबारा मालकाच्याच नावावर राहू शकतो. जागा संपादित करायची तर वेगळी प्रक्रिया असते. मात्र जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

इतिहासासाठी धाराशिव जिल्ह्यातलं तेर पाहून या. गोरोबाकाकांचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तेच प्राचीन तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तिथून भडोचला गाड्यांतून कापड जाई असं लिहिलंय. तिथल्या टेकाडांतून निघालेले मणी, मृण्मूर्ती, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवली. ते सरकारी अधिकारी नव्हते, गावातलेच गृहस्थ. आज तिथलं सरकारी संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

एक कळकळीची विनंती: पांढरीची माती खत म्हणून ट्रॉलीने विकू नका. ती भुसभुशीत राखाडी माती म्हणजे शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती. थर एकदा हलले की खालचं जुनं आणि वरचं नवं एक होतं, मग कितीही सुंदर खापर असो, त्याचा काळ सांगणं अवघड. पावसानंतर उघडं पडलेलं खापर जागेवरच ठेवून फोटो काढा, शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला दाखवा.