वडील म्हणतात, "लस पोरांना देतात, मला कशाला?"

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७१ वर्षांचे, जुनी शुगर, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू. डॉक्टरांनी फ्लू, न्यूमोनिया आणि नागीण अशा तीन लशी लिहून दिल्यात, सगळं मिळून पंचवीस-तीस हजारांचा खर्च. वडील तयार नाहीत, आणि हे डॉक्टर-कंपन्यांचं साटंलोटं तर नाही ना, अशी तुम्हाला शंका.

मी सातारा जिल्ह्यात एएनएम होते, म्हणजे गावाच्या भाषेत नर्सबाई. १९७९ ला लागले, २०१४ ला निवृत्त झाले. मी सुटले त्याच वर्षी मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यामुळे निवृत्तीच्या पेढ्यांना जरा जास्तच गोडी होती. पस्तीस वर्षांत किती दंड आणि किती मांड्या टोचल्या याची मोजदाद नाही. स्वतःला मात्र गरोदरपणातल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनांपलीकडे एकही लस घेतली नाही, आणि त्याची किंमत मोजली. ते पुढे सांगते.

आधी वडिलांचं. त्यांच्या हातावर बघा, एक-दोन गोल वण दिसतील. देवी काढल्याचे. त्यांच्या वयाच्या बहुतेकांना आहेत. देवीचा आपल्या देशातला शेवटचा रोगी १९७५ ला सापडला, कारण त्यांच्यासारख्या कोट्यवधी पोरांचे दंड आईबापांनी धरून ठेवले होते. म्हणजे लशीशी त्यांचं जुनं नातं आहे. पण तेव्हा देवी काढणारा दारात यायचा, पुढे आम्ही डबा घेऊन दारात जायचो. सरकारचा नियमित लसीकरण कार्यक्रम बाळांसाठी, शाळकरी मुलांसाठी आणि गरोदर बायांसाठी आहे. साठीच्या पुढच्यांना सरकारने रांग लावून टोचलं ते कोविडमध्ये, १ मार्च २०२१ पासून. एरवी म्हाताऱ्या माणसाच्या दारात डबा घेऊन कोणी येत नाही. त्यामुळे "या वयात लस नसते" असा समज झाला तर त्यात वडिलांची चूक नाही.

साटंलोटं म्हणाल, तर लशीच्या विक्रीत दवाखान्याला पैसे सुटतात हे खरं आहे. डोळे झाकून बसायला मी सांगणार नाही. खोक्यावरची छापील किंमत बघा, थोडी सूट मागा, बिल घ्या. पण कोणी त्यात चार पैसे मिळवतो म्हणून लस खोटी ठरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या तिन्ही लशी शुगर असलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला सांगायच्याच आहेत. मीही याच तीन सांगितल्या असत्या, फक्त क्रम लावून.

सगळ्यात आधी न्यूमोनियाची. माझे थोरले दीर ७४ वर्षांचे, शुगरवाले. ना ताप, ना फारसा खोकला. दोन दिवस जेवण सोडलं आणि तिसऱ्या दिवशी भलतंच बोलायला लागले, गेलेल्या बैलाचं नाव घेऊन हाका मारत होते. घरचे म्हणाले, वय झालं. मीही तसंच म्हणणार होते, पण श्वास मोजला तर मिनिटाला तीसच्या वर. एक्स-रेत अर्धं फुफ्फुस पांढरं. नऊ दिवस आयसीयूत होते, वाचले, पण पूर्वीसारखे चालले नाहीत ते कायमचेच. म्हाताऱ्या माणसाचा न्यूमोनिया असा चोरपावलांनी येतो.

ही लस सगळ्या न्यूमोनियावर नाही. न्यूमोकॉकस नावाच्या जंतूवर आहे, आणि त्या जंतूचे नव्वदच्या वर प्रकार आहेत. नावापुढचा आकडा म्हणजे त्यातले किती प्रकार लशीत घेतलेत तो: १३, २० किंवा २३. दुकानदार म्हणेल की २३ सगळ्यात मोठी, तीच घ्या. तसं नसतं. १३ आणि २० वाल्या लशींत जंतूच्या कवचाला प्रथिन जोडलेलं असतं, म्हणून शरीर ते नीट लक्षात ठेवतं. २३ वालीत नुसतं कवच असतं, तिची आठवण लवकर पुसट होते. म्हणून १३ घेतली तर वर्षभराने २३ घ्यायची, आणि २० मिळाली तर एकाच डोसात काम संपतं, पुढे २३ ची गरज नाही. डॉक्टरांनी तुम्हाला यातली कुठली लिहून दिली ते चिठ्ठीवर बघा. नुसतं "न्यूमोनिया लस" लिहिलं असेल तर विचारून घ्या.

दुसरी फ्लूची. ही दरवर्षी घ्यावी लागते, कारण हा विषाणू रूप बदलतो आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी, लशीत काय असावं ते नव्याने सुचवते. २००९ चा पुण्याचा स्वाइन फ्लू आठवतो ना, ऑगस्टमध्ये तोंडाला रुमाल बांधून फिरणारी माणसं? तो विषाणू कुठे गेलेला नाही, दरवर्षीच्या लशीत त्याच घराण्यातला एक असतोच. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. अमेरिकेतली नातेवाईक मंडळी ऑक्टोबरात घेतात म्हणून आपणही थांबायचं, हे चूक. एप्रिल-मे किंवा फार तर जूनच्या सुरुवातीला घ्यायची, आणि खोक्यावर त्याच वर्षाची, दक्षिण गोलार्धाची लस आहे का ते बघायचं. जोर धरायला दोन आठवडे लागतात. आता पावसाळा सुरूच झाला असेल तरी घ्याच, उशिरा घेतलेली न घेतल्यापेक्षा बरी.

"लस घेऊनही सर्दी झाली" अशी तक्रार मला दर वर्षी ऐकायला मिळते. सर्दी होणारच, तिचे विषाणू वेगळे. आणि खरं सांगायचं तर वयस्कर शरीरात ही लस तरुणांइतकी जोरात लागत नाही. तरी हृदयाच्या माणसाला मी ती आग्रहाने सांगते. कॅनडातला २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यात फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अटॅकचा धोका सहापट आढळला. तुमच्या वडिलांची गोळी हृदयासाठीच आहे.

आता नागीण. २०१९ मध्ये मी ६३ वर्षांची होते. डाव्या बाजूला बरगडीखाली दोन दिवस ठणकत होतं. वाटलं, पाण्याची कळशी उचलताना लचक भरली. मग पुरळ आलं, म्हटलं घामोळं. पस्तीस वर्षं लोकांचे अंगावरचे फोड बघितलेली बाई, आणि स्वतःचं ओळखायला चौथा दिवस उजाडला. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ आल्यापासून तीन दिवसांत सुरू कराव्या लागतात, ती वेळ मी घरीच घालवली. शेजारणीने गेरूचा लेप सांगितला, चुलत सासूबाई म्हणाल्या की उतरवून घे, तोंडाला शेपूट मिळाली की माणूस राहत नाही.

शेपूट मिळत नाही, का ते सांगते. लहानपणी कांजिण्या होतात तेव्हा त्यांचा विषाणू बरा होऊन जात नाही, पाठीच्या कण्याशेजारी नसांच्या मुळाशी दडून बसतो. पन्नास-साठ वर्षांनी अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या नसेवरून पुन्हा बाहेर पडतो. एक नस शरीराची एकच बाजू सांभाळते, म्हणून पुरळाचा पट्टा पोटाच्या आणि पाठीच्या मधल्या रेषेशी येऊन थांबतो. विळखा पुरा होतच नाही. मारणारी नागीण ती ही नव्हे. पण पुरळ वाळल्यावर उरते ती आग. साडीचा पदर टेकला तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. रात्री पंख्याचं वारं सोसायचं नाही. पाच महिने मी डाव्या कुशीवर झोपले नाही. काहींचं दुखणं वर्षानुवर्षं जात नाही, डोळ्यावर नागीण आली तर नजर जाऊ शकते.

तेव्हा हिची आजची लस आपल्याकडे मिळत नव्हती, ती २०२३ मध्ये आली. पन्नाशीच्या पुढे दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीच्या पुढच्यांत ९७ टक्के आणि सत्तरीच्या पुढच्यांतही ९० टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं. म्हाताऱ्या शरीरात एवढी लागू पडणारी लस मी दुसरी बघितलेली नाही. तिला जोर आणणारा एक घटक चिलीमधल्या झाडाच्या सालीतून येतो, आपल्या रिठ्यासारखी फेस येणारी साल. आमच्या ह्यांना हे सांगितलं तेव्हा कुठे ते तयार झाले, "मग आयुर्वेदिकच की" म्हणाले. मी वाद घातला नाही. नागीण होऊन गेली असली तरी लस घेता येते, मी घेतली. पहिल्या डोसानंतर दंड दोन दिवस दुखला, रात्री कणकण आली. दुसऱ्याला त्याहून जरा जास्त. हे वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते दुसऱ्या डोसाला येणार नाहीत.

तुमच्या पंचवीस-तीस हजारांतले वीसएक हजार ह्या एकट्या लशीचे आहेत. म्हणून पैशाची ओढाताण असेल तर माझा सल्ला: न्यूमोनिया आणि फ्लू लगेच घ्या, दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांत चालतात, आणि नागिणीची तीन-चार महिन्यांनी, पैसे साठवून. नागिणीची तशीही वेगळ्या दिवशी घेतलेली बरी, म्हणजे ताप आला तर कशाने आला ते कळतं. मेडिक्लेम बहुतेक वेळा याचे पैसे देत नाही. मुलं दिवाळीला वडिलांना काय द्यावं याचा विचार करत असतात, त्यांना हे सुचवायला हरकत नाही.

चौथी एक लस कोणी लिहून देत नाही कारण ती स्वस्त आहे: धनुर्वाताची. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी मिळते, त्यात घटसर्पही आला. दर दहा वर्षांनी एक. पायाला पत्रा लागला की दरवेळी इंजेक्शन घेणारे आणि चाळीस वर्षांत एकदाही न घेतलेले, असे दोनच प्रकारचे पुरुष मी बघितले. बायकांना बाळंतपणाच्या निमित्ताने तरी मिळाली. वडिलांना लहानपणी मिळाल्याची खात्री नसेल तर सुरुवातीचे तीन डोस लागतील, डॉक्टरांना तसं सांगा. आणि सुनेच्या नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाणार असतील तर टीडीऐवजी डांग्या खोकला असलेली टीडॅप घेऊन जाऊ द्या, निदान दोन आठवडे आधी. तिकडचे डॉक्टर बाळाला हातात घेण्याआधी आजी-आजोबांना हे विचारतात.

लस कुठे घ्यायची, यावर मी जरा कडक आहे. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायचो, रविवार असो की दिवाळी. लोकांना गरम झालेल्या लशीची भीती वाटते, पण गोठलेलीही तितकीच वाया गेलेली असते, आणि घरगुती फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली बाटली हमखास गोठते. म्हणून मेडिकलमधून विकत घेऊन, पिशवीत घालून, दोन कामं उरकून दवाखान्यात जायचं, असं करू नका. जिथे लस ठेवतात तिथेच टोचून घ्या. खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा, मुदत वाचा, बॅच नंबरचा फोटो काढा. घरी एक वही करा: तारीख, लस, कितवा डोस. पोरांची लसीकरणाची कार्डं आपण लॅमिनेट करून ठेवतो, बापाचं कार्ड कुणाकडे असतं का?

रक्त पातळ करण्याच्या गोळीचं विचारलंय. ती गोळी मनाने बंद करू नका, एका दिवसासाठीसुद्धा नाही. टोचणाऱ्याला आधी सांगायचं, बारीक सुई वापरायला सांगायचं, आणि नंतर दोन मिनिटं कापूस घट्ट दाबून धरायचा. चोळायचं नाही. गोळी वॉरफेरिन नावाची असेल तर आयएनआरचा, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत न्या. थोडं काळंनिळं झालं तर घाबरू नका, दंड टणक होऊन सुजत चालला तर मात्र दाखवा. ताप अंगात असेल त्या दिवशी जाऊ नका. आधी कुठल्या लशीने अंगावर गांधी, धाप असं काही झालं असेल तर ते न लपवता सांगा. कणकण आली तर शुगर एखादा दिवस वरखाली होते, तपासत राहा. आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा, भले ते कितीही कटकट करोत.

वडिलांना नेताना सैल बाहीचा सदरा घालून न्या. माझ्या पहिल्या डोसाला मी घट्ट बाहीचं पोलकं घालून गेले होते, आणि नातीच्या वयाची सिस्टर म्हणाली, "आजी, हात सैल सोडा बघू, काही दुखत नाही." पस्तीस वर्षं हेच वाक्य मी लोकांना म्हणत आले. खोटं आहे, थोडं दुखतं.