लेखनशंका: दोन गाद्या, दोन घराणी, एक जोडपं

ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्यांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतल्या बहुतेकांनी एकच काळ निवडलेला दिसतो. १७०७ साली औरंगजेब गेला, संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठी दौलतीत राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई आणि शाहू असे दोन पक्ष पडले. नायक एका पक्षाच्या घरचा, नायिका दुसऱ्या पक्षाच्या घरची. म्हणून उत्तरंही त्याच काळाला धरून दिली आहेत.

प्रश्न (कराड): नायिकेचे वडील ताराबाईंकडचे, नायकाचे वडील शाहूंकडचे. दोघांची पहिली भेट जत्रेत दाखवली आहे. मैत्रीण मात्र म्हणते, हे पटत नाही. काय करावं?

मैत्रिणीचं बरोबर आहे. त्या काळात देशमुख किंवा सरदार घराण्यातली मुलगी आठ ते बारा वर्षांची होईपर्यंत तिचं लग्न झालेलं असे. अठरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी पालखीतून जत्रेला येते आणि परक्या तरुणाशी बोलते, हे वाचकाला पहिल्याच पानावर खटकतं. त्यात कुळी आणि देवक (कुळाचं पूज्य चिन्ह) यांचा विचार केलेला नसला तर अडचण वाढते. देवक एकच निघालं तर लग्नच होत नाही, मग राजकारण आड येण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे कथा सुरू करण्याआधी दोन्ही घराण्यांची कुळी, देवक आणि तीन पिढ्यांची सोयरीक एका कागदावर मांडून घ्या.

हा कागद समोर आला की उत्तरही त्यातच सापडतं. मराठा घराण्यांत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. म्हणजे दोन्ही घरं आधीपासून एकमेकांची सोयरी असू शकतात. मुलगा लहानपणी मामाच्या वाड्यात राहिलेला, मुलगी त्याला लहानपणापासून ठाऊक, सोयरीक ठरलेली किंवा लग्नही झालेलं. राजकारण त्यानंतर मध्ये येतं. आमच्या मते या काळातली सगळ्यात बळकट प्रेमकथा नवराबायकोचीच होईल. ‘लग्न झालं की प्रेमकथा संपली’ ही समजूत फार अलीकडची आहे.

तारखाही सोयीच्या आहेत. शाहू महाराज मे १७०७ मध्ये सुटले आणि खानदेशातून खाली यायला लागले. ताराबाईंनी त्यांना तोतया ठरवलं आणि आपल्या सरदारांकडून निष्ठेच्या शपथा घेतल्या. ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला लढाई झाली, तीत ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडं फिरलं. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला. आता नायिका श्रावणात नागपंचमीला माहेरी गेली असं धरा. दिवाळीपर्यंत सासर शाहूंच्या छावणीत, माहेर मात्र शपथेला बांधलेलं. मुलगी परत पाठवायची म्हणजे तोतयाला राजा मानायचं. हा पेच तुम्हाला कुठून आणावा लागत नाही, इतिहासानेच तो घालून ठेवला आहे.

एक खबरदारी घ्या. १७०७ मध्ये ‘सातारचं राज्य’ आणि ‘कोल्हापूरचं राज्य’ असा नकाशा काढू नका. १७०८ मध्ये शाहूंनी पन्हाळा घेतला, ताराबाई रांगण्याकडे गेल्या आणि पुढे पन्हाळा पुन्हा त्यांच्याकडे आला. वारणा नदी ही हद्द पक्की झाली ती १७३१ च्या तहात.

प्रश्न (लातूर): दोन्ही घराण्यांचं वैर नेमकं कशावरून दाखवू? ‘खरा वारस कोण’ यावरून दोन बाप भांडतात, हे फार कोरडं वाटतं.

कोरडं वाटणारच, कारण गावपातळीवर भांडण वारसाचं नव्हतंच मुळी. ते वतनाचं होतं. देशमुखी किंवा पाटीलकी ज्याच्याकडे, त्याला हक्क, इनाम आणि मानपान. राजा बदलला की सनद नव्याने करून घ्यावी लागे, आणि १७०७ नंतर सनद देणारे दोन झाले. एकाच देशमुखीवर दोन भावकींचा दावा असेल तर एक ताराबाईंकडून कागद आणतो, दुसरा शाहूंकडून. दोघांचेही शिक्के खरे. वसूल कोण करणार, हे मग तलवारीवर किंवा गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, ठरतं.

गोतसभेचा प्रसंग अवश्य लिहा. त्यातून सगळं गाव डोळ्यांसमोर उभं करता येतं. वादी आणि प्रतिवादी आपापली हकीकत लेखी देतात, तिला करीना म्हणतात. साक्षी होतात, निवाडा होतो, त्याचा महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जातो आणि हजर असलेले खाली निशाणी करतात. पाटलाच्या नावापाशी नांगर, न्हाव्याच्या नावापाशी आरसा, असं प्रत्येकाच्या कामाचं चिन्ह. वाद जिंकणाऱ्याने सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम, भरायची. नायिकेच्या वडिलांनी हरकीसाठी कर्ज काढलेलं असेल आणि सहा महिन्यांत दुसऱ्या राजाची सनद घेऊन व्याही दारात उभा राहिला, तर त्यांच्या रागाला पानभर संवाद लिहायची गरज उरत नाही.

बहुतेक हस्तलिखितांत आणखी एक चूक दिसते. सगळं घराणं एका बाजूला आणि कायम तिथेच. प्रत्यक्षात वतन वाचवण्यासाठी एक भाऊ इकडे आणि एक तिकडे ठेवण्याची रीतच होती. कोणीही जिंको, वतन घरात राहतं. खुद्द धनाजींचा मुलगा चंद्रसेन १७११ मध्ये शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाकडे. तुमच्या नायकाचा सख्खा काका विरुद्ध छावणीत असेल तर जोडप्याला एक चोरवाटही मिळते.

प्रश्न (नाशिक): दोघं एकमेकांना चोरून पत्रं लिहितात. पत्राचा मायना कसा असावा?

मायन्याआधी हे ठरवा की पत्र लिहितं कोण. नायिकेला लिहितावाचता येत असेल तर कथेत त्याचं कारण द्यावं लागेल. येत नसेल तर कारकून लिहिणार, म्हणजे तिसऱ्या माणसाला सगळं कळणार. तिकडेही पत्र आधी दिवाणाच्या हाती पडणार. म्हणून ‘चोरून पत्र’ ही कल्पना आहे तशी टिकत नाही. तिच्यासाठी जुन्या पत्रांतलीच एक युक्ती हाताशी आहे. कागदावर साधं कुशल लिहायचं आणि शेवटी ‘बाकी मजकूर मुखजबानी सांगतील’ असं टाकायचं. खरा निरोप जासुदाच्या तोंडी जातो. जासूद पकडला गेला तर कागदात काही सापडत नाही, पण तो बोलला तर सगळंच बाहेर. प्रसंगाचा ताण तिथे आहे.

पत्र लिहिण्याचं वर्णन असं करता येईल. जाड हातकागद, बोरू, काळी शाई. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत. ओली शाई टिपायला बारीक वाळू भुरभुरवतात. कागद उलगडताना ती वाळू मांडीवर सांडली, एवढ्यावरूनही पत्र ताजं असल्याचं दाखवता येतं. डोक्यावर ‘श्री’. मग ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे. विशेष’ आणि पुढे मजकूर. शेवट ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा हे विनंती’. ‘मोर्तब सूद’ ही सरकारी कागदाची खूण आहे, ती खाजगी पत्राखाली आली तर जाणकार हसतील.

पूर्ण पत्र जुन्या भाषेत देऊ नका. दोन ओळी जुन्या वळणाच्या द्या, बाकी आशय आजच्या मराठीत येऊ दे.

वेळेचा हिशेबही ठेवा. सातारा ते पन्हाळा ढोबळ चाळीस कोस, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास किंवा थोडं जास्त. चालणारा माणूस दिवसाला दहा-बारा कोस गेला तरी चार दिवस. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत आठवडा गेला. जासूद बहुधा जोडीने जात, त्यामुळे एकटा विश्वासू सेवक दाखवायचा तर दुसरा कुठे गेला ते सांगा. पावसाळ्यात वाटेत उरमोडी, तारळी, कोयना आणि वारणा आडव्या येतात. पूर असेल तर नाव बंद. भोपळ्यांची सांगड बांधून पार होता येतं, पण कागद कोरडा राहील याची खात्री नाही.

प्रश्न (लंडन): इंग्रजांच्या वखारीच्या नोंदी आणि मराठी कागद यांच्या तारखा जुळत नाहीत. कुठली धरायची?

दोन्ही बरोबर असू शकतात. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते. १७०० नंतर ती आजच्या दिनदर्शिकेच्या ११ दिवस मागे आहे. औरंगजेबाच्या मृत्यूची तारीख कुठे २० फेब्रुवारी १७०७ आणि कुठे ३ मार्च १७०७ दिसते, ती याचमुळे. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत नवी पद्धत असते. म्हणून मुंबईचं आणि गोव्याचं पत्र शेजारी ठेवताना ११ दिवसांचा हिशेब करा, नाहीतर तुमचा जासूद निघण्याआधीच पोहोचेल. आणखी एक: इंग्रजांचं साल तेव्हा २५ मार्चला बदलत असे. जानेवारी ते मार्चच्या नोंदींवर त्यामुळे मागचं साल असू शकतं.

मराठी कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक आणि अरबी शुहूर सन असे तिन्ही भेटतात. १७०७ च्या पावसाळ्यासाठी शके १६२९, सर्वजित संवत्सर. राज्याभिषेक शक ३४, कारण ते ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतं. शुहूर सन ११०८, कागदावर ‘समान मया व अलफ’. शुहूर मृगाला बदलतो, म्हणून मृगानंतर त्यात ५९९ मिळवायचे आणि मृगाआधी ६००. कादंबरीच्या मजकुरात मात्र तिथी आणि सण पुरेत. ‘१२ ऑक्टोबरला’ असं कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका.

प्रश्न (सोलापूर): नायक रात्री किल्ल्यावर शिरून नायिकेला भेटतो. पहारेकऱ्याला लाच दिली की झालं ना?

नाही झालं. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत ते सूर्योदयाला उघडत. हिरकणीची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असूनही कादंबरीत दरवाजे रात्रभर सताड उघडे कसे राहतात, हे कोडंच आहे. गडाचा कारभार मुद्दामच वाटून दिलेला असे. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस, आणि तेही वेगवेगळ्या जातींचे, म्हणजे एकट्याला फितवून गड हाती येऊ नये. भेट घडवायची तर नायकाला दिवसा आत येऊ द्या. बाजाराचा दिवस, धान्य घेऊन येणारे बैल, गोंधळी, असं कोणतंही निमित्त चालेल. बाहेर पडणं मग आपोआप दुसऱ्या दिवशीवर जातं आणि रात्र आतच काढावी लागते.

अंधारात पहारा कसा कळतो, हेही लिहा. बंदुका तोड्याच्या. तोडा म्हणजे जळती वात, तिचा लाल ठिपका दुरून दिसतो आणि धूर त्याही आधी नाकाला कळतो. तटावरून ठिपका सरकत गेला की गस्त पुढे गेली. भर पावसात तोडा विझतो, म्हणून पावसाची रात्र नायकाच्या फायद्याची, पण निसरड्या पायऱ्या दोघांनाही सारख्याच. कमरेचं पिस्तूल काढून धडाधड बार टाकणं या काळात बसत नाही.

वेळ घटकांत मोजा. एक घटका २४ मिनिटांची, अडीच घटकांचा एक तास. पाण्यावर तरंगणारं तळाशी भोक असलेलं तांब्याचं वाटीवजा पात्र बुडालं की घटका भरली, आणि ठोका पडला. भेटीचा प्रसंग तीन ठोक्यांत बसवून पाहा, लांबण आपोआप छाटली जाते.

प्रश्न (रत्नागिरी): संभाजी महाराज आणि शिर्के घराणं यांच्यावर लिहायचं आहे. चालेल का?

विषय जबरदस्त आहे. साटंलोटं झालेलं: येसूबाई पिलाजी शिर्क्यांची मुलगी, आणि तिचा भाऊ गणोजी याला शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर दिलेली. दाभोळच्या वतनावरून बिनसलं आणि गणोजी मोगलांकडे गेला. म्हणजे येसूबाईंचं माहेर शत्रूच्या छावणीत आणि राजकुंवरबाईंचंही माहेर नवऱ्याच्या विरुद्ध. दोघी एकाच कात्रीत, फक्त दोन टोकांना. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई लहान शाहूंसह कैदेत गेल्या त्या १७१९ मध्ये परतल्या.

पण संभाजी महाराजांच्या पकडीत कोणाचा किती हात होता, यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि शिर्क्यांचे वंशज आज हयात आहेत. ठाम पुरावा नसलेला दोष कादंबरीच्या नावाखाली चिकटवू नका. त्यापेक्षा परगणा खरा घ्या, देशमुख घराणं कल्पित घ्या, आणि त्या परगण्यात त्या आडनावाचं खरं वतन नव्हतं ना, हे आधी तपासा.

प्रश्न (बेळगाव): दोघं देवळात हार घालून लग्न करतात. चालेल?

चित्रपटात चालेल. अंतरपाट नाही, कन्यादान नाही, गोत हजर नाही, तर ते लग्न कोणी मानणार नाही आणि मुलांचा वतनावर हक्कही लागणार नाही. नवरा मोहिमेवर असेल तर त्याच्या जागी त्याची तलवार ठेवून लावलेलं खांड्याचं लग्न ही सरदार घराण्यांत खरी चाल होती, ती वापरा. नायिका विधवा असेल तर कुणबी घरात पाट (पुनर्विवाह) लावता येतो, कुलीन म्हणवणाऱ्या मराठा घरात नाही.

प्रश्न (पुणे): जेवणात काय नको?

चहा, बटाटा, टोमॅटो, साबुदाणा. उपासाला वरी द्या.

प्रश्न (सांगली): शेवटी दोघांना एकत्र आणायचं आहे. वारणेच्या तहापर्यंत थांबवू का?

तह १३ एप्रिल १७३१ चा. नायिका १७०७ मध्ये चौदा वर्षांची असेल तर तेव्हा अडतीसची झालेली असेल. तशी कादंबरी लिहायची हिंमत असेल तर जरूर लिहा, पण मधली चोवीस वर्षं भरून काढावी लागतील. त्याहून जवळचे दोन टप्पे आहेत. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि ताराबाईंकडच्या आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांना त्यांनी बोलण्यांतून शाहूंकडे वळवलं. १७१४ मध्ये पन्हाळ्यावरच सत्ता उलटली, राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांचा मुलगा संभाजी (शाहूंचा चुलतभाऊ) गादीवर आला आणि ताराबाई कैदेत गेल्या. ताराबाईंना दिलेल्या शपथेत अडकलेल्या बापाला या क्षणी शपथेतून मोकळं होता येतं. तो शाहूंकडे कौल (अभयाचा कागद) मागतो, वतनाच्या सनदेची बोलणी सुरू होतात, आणि मुलीला सासरी पोहोचवणं हे त्या बोलण्यांतलं एक कलम ठरतं. तेव्हा ती एकवीस वर्षांची. दरम्यान नवऱ्याने दुसरं लग्न केलं आहे की नाही, हे पहिल्या प्रकरणाआधीच ठरवून ठेवा. त्या काळात न करण्याचं कारण द्यावं लागेल, केल्याचं नाही.