वाचक विचारतात : बेळगावचे बिशप आणि मधली रिकामी खुर्ची

प्रश्न : बेळगावचे बिशप दोनदा बंगळूरला गेले आणि दोन्ही वेळा इथली जागा बराच काळ रिकामी राहिली. मधल्या काळात कारभार कोण बघतं? (वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : बेळगावचे बिशप बर्नार्ड मोरास जुलै २००४ मध्ये बंगळूरचे आर्चबिशप (प्रांतातले प्रमुख बिशप) झाले; पीटर मचाडो बेळगावला नेमले गेले ते फेब्रुवारी २००६ मध्ये. मार्च २०१८ मध्ये मचाडोंचीही बंगळूरला बदली जाहीर झाली, आणि डेरेक फर्नांडिस यांचं नाव आलं १ मे २०१९ ला.

घोषणा झाली की बिशप लगेच सामान बांधत नाहीत. नव्या जागेचा ताबा घेईपर्यंत जुन्या ठिकाणी ते प्रशासकाच्या अधिकाराने काम बघतात. त्यानंतर आठ दिवसांत सल्लागार मंडळाने (यात ६ ते १२ फादर असतात) प्रशासक निवडायचा. तो फादर असावा आणि वयाने किमान ३५ वर्षांचा. मुदत टळली तर बंगळूरचे आर्चबिशप नेमतात. या काळात व्हिकर जनरलांना (बिशपांच्या वतीने कारभार बघणाऱ्या फादरना) गाठून काम होईल अशी आशा ठेवू नका. बिशप नाहीत म्हटल्यावर त्यांचं पदही सहसा उरत नाही.

प्रशासकाचे हात तसे बांधलेलेच. खुर्ची रिकामी असताना नवा पायंडा पाडायचा नाही, हा चर्चचा जुना दंडक. पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांचा) मुख्य फादर स्वतःच्या मर्जीने नेमायचा तर खुर्ची रिकामी होऊन वर्ष उलटावं लागतं. तोवर मोकळ्या पॅरिशवर हंगामी प्रभारी बसवायचा. बदल्या रखडल्याची कुजबुज होते ती बहुधा यामुळेच.

उशीर होतो तो निवडीत. दिल्लीतले पोपचे राजदूत गुपचूप चौकशी करतात, प्रांतातल्या बिशपांची मतं घेतात, तीन नावं रोमला धाडतात. शिवाय आधीच बिशप असलेला माणूस आणला की दुसरीकडे भोक पडतं. फर्नांडिस कारवारहून आले, आणि कारवारला नवे बिशप, डुमिंग डायस, नेमले गेले ते २०२४ मध्ये!

प्रश्न : गोवा हाकेच्या अंतरावर असताना बेळगाव बंगळूरला का जोडलं? (वाचक, बेळगाव)

उत्तर : १९५३ पर्यंत हा भाग मुख्यतः गोव्याच्या आर्चबिशपांकडेच होता. देश स्वतंत्र झाला, गोवा मात्र पोर्तुगीजांकडे, आणि तिथल्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाश्रयाची जुनी छाप. पोप बारावे पायस यांनी १९ सप्टेंबर १९५३ ला बेळगाव वेगळा धर्मप्रांत (एका बिशपाचा इलाखा) केला आणि त्याच दिवशी बंगळूरला आर्चबिशपांचं पीठ बनवलं. पहिले बिशप मायकल रॉड्रिग्ज. कारवार १९७६ मध्ये बेळगावपासून वेगळं झालं. बंगळूरचे आर्चबिशप बेळगावचे साहेब नव्हेत. रोजच्या कारभारात त्यांना बोट घालता येत नाही.

प्रश्न : आजोबांच्या १९४० च्या सुमाराच्या बाप्तिस्म्याचा दाखला हवा आहे. गोव्याला जावं लागेल का? (वाचक, चंदगड)

उत्तर : बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या वहीतच नोंद शोधायची. ते चर्च नंतर दुसऱ्या धर्मप्रांतात गेलं असलं तरी पहिली चौकशी तिथेच. पॅरिश पुढे फुटली असेल तर मूळ चर्चकडे विचारा. नव्या पॅरिशमध्ये शोधत बसल्याने बहुतेकांची फेरी वाया जाते. आजोबांच्या आईवडिलांची आणि धर्ममातापित्यांची नावं, अंदाजे वर्ष लिहून न्या. नोंद पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकते, तेव्हा जॉन नाही सापडला तर जुआंव बघा. वही हातात मिळत नाही, उतारा मिळतो. लग्नासाठी मात्र सहसा सहा महिन्यांच्या आतलाच उतारा मागतात, कारण आधी लग्न झालं असेल तर ते वहीच्या समासात नोंदलेलं असतं.