वाचकांचे प्रश्न: मुलाला डीयूआयमध्ये अटक झाली, आता टीमचं काय?

अमेरिकेत कॉलेजच्या टीममधून खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरून यंदा एकाच विषयावर बरीच पत्रं आली: दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल (डीयूआय) अटक आणि त्यानंतर टीमकडून होणारी कारवाई. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. कायदा राज्यागणिक बदलतो, त्यामुळे आपल्या राज्यातल्या वकिलाला दाखवल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजच्या पोहण्याच्या टीममध्ये आहे. शनिवारी रात्री त्याला अटक झाली, रविवारी सकाळी तो सुटला आणि सोमवारी कोचने त्याला 'अनिश्चित काळासाठी' सस्पेंड केलं. कोर्टाची तारीख तर पाच आठवड्यांनी आहे. गुन्हा सिद्ध होण्याआधीच शिक्षा कशी? (एक आई, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

कारण निर्णय तीन ठिकाणी होतात आणि तिन्हींचे नियम वेगळे असतात. कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. विद्यापीठाच्या शिस्त कार्यालयाला सहसा 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे' एवढं पुरतं. टीमला तेवढंही लागत नाही. मोसमाच्या सुरुवातीला खेळाडू ज्या नियमपुस्तिकेवर सही करतो, तिच्यावरच टीमचा निर्णय होतो. अशा अटकेसाठी एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) ठरवून दिलेली शिक्षा नाही. म्हणून एका कॉलेजात एक सामना जातो, दुसऱ्यात अर्धा मोसम.

कोर्टाआधी खेळाचा निर्णय येणं नवीन नाही. ऑलिंपिक जलतरणपटू मायकेल फेल्प्सला ३० सप्टेंबर २०१४ ला बाल्टिमोरमध्ये अटक झाली. आठवड्याच्या आत यूएसए स्विमिंग या राष्ट्रीय जलतरण संघटनेने त्याला सहा महिने सस्पेंड केलं आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेच्या संघातली त्याची जागा गेली. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला तो डिसेंबरात. उलटंही होतं. जॉर्जिया विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूला मार्च २०२४ मध्ये अटक झाली. जुलैत तडजोड होऊन डीयूआयचा आरोप मागे घेतला गेला, बेदरकार गाडी चालवण्याचा तेवढा राहिला. तरी ऑगस्टअखेरच्या क्लेमसनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो खेळला नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. सगळ्यात आधी संपते ती मुदत कोर्टाची नाही, लायसन्सची. कॅलिफोर्नियात अटकेपासून १० दिवसांच्या आत डीएमव्हीकडे (लायसन्स देणारं राज्याचं खातं) सुनावणी मागावी लागते. ती मागितली नाही तर पोलिसांनी दिलेलं ३० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स संपताच सस्पेन्शन आपोआप लागू होतं. (टेक्सासात ही मुदत नोटिशीपासून १५ दिवस, जॉर्जियात ३०.) तुमच्या मुलाच्या वयाला रक्तातल्या दारूची ०.०८ टक्क्यांची नेहमीची मर्यादा लागू नाही. २१ च्या आत कॅलिफोर्नियात ०.०१ सापडलं तरी लायसन्स एक वर्ष जाऊ शकतं. घरातली माणसं कोर्टाच्या तारखेकडे डोळे लावून बसतात आणि हे दहा दिवस हातचे जातात.

मग नियमपुस्तिका उघडा. अटक झाली की किती तासांत कळवायचं, हे पाहा. अटकेपेक्षा ती लपवल्याबद्दल जास्त शिक्षा झालेले खेळाडू असतात. सस्पेन्शन फक्त सामन्यांपुरतं आहे की सराव, जिम आणि प्रवासालाही लागू आहे, हेही पाहा. 'अनिश्चित' या शब्दावर समाधान मानू नका. परतीच्या अटी ईमेलवर मागा: दारूबाबतचं मूल्यांकन कुणाकडे करायचं, समुपदेशनाची किती सत्रं, फेरविचार कोणत्या तारखेला. मूल्यांकन वकिलाला विचारून स्वतःहून लवकर करून घेतलं तर ते टीम आणि कोर्ट दोन्हीकडे उपयोगी पडतं.

कोचशी बोलताना मात्र जपून. वकिलाशी झालेलं बोलणं गोपनीय राहतं, कोचशी झालेलं नाही. ते साक्षीत येऊ शकतं. मुलाने एवढंच सांगावं: अटक झाली, अमुक दिवशी, कोर्टाची तारीख अमुक, वकील केला आहे. किती प्यायला, कुणाच्या खोलीत, दारू कुणी आणली, हे वकिलाला विचारल्याशिवाय नाही. मेसेज पुसू नयेत. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा आरोप लागू शकतो.

प्रश्न: आमच्या मुलीच्या कॉलेजने आम्हाला काहीच कळवलं नाही. फी आम्ही भरतो. असं कसं? (एक वडील, एडिसन, न्यू जर्सी)

विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा कॉलेजात गेला की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. दारूचा नियम मोडला आणि विद्यार्थी २१ च्या आत असेल तर कॉलेज पालकांना कळवू शकतं. कायद्याने त्याची मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही. मुलगी तुमच्या टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबित म्हणून असेल तरी कॉलेज माहिती देऊ शकतं. सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे मुलीने शिस्त कार्यालयात लेखी संमती देणं. तो फॉर्म एका पानाचा असतो.

प्रश्न: मुलगी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर टेक्सासात टेनिस स्कॉलरशिपवर आहे. गेल्या महिन्यात तिला अटक झाली. कोच म्हणतात दोन सामन्यांचं सस्पेन्शन, विषय संपला. दिवाळीला ती पुण्याला यायची आहे. येऊ द्यावं का? (आई-वडील, कोथरूड)

टीमपुरता विषय संपला असेल, व्हिसाचा संपलेला नाही. तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

डीयूआयच्या अटकेवरून, कोर्टाचा निकाल लागण्याआधीसुद्धा, अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. त्याची सूचना बहुधा ईमेलने येते, तेव्हा मुलीला स्पॅम फोल्डरही पाहायला सांगा. व्हिसा हा प्रवेशाचा परवाना आहे. तो रद्द झाला म्हणून आत असलेल्या विद्यार्थ्याचा दर्जा आपोआप जात नाही. तो दर्जा आय-२० (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा दाखला) आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) यांतल्या नोंदीवर टिकतो. पण एप्रिल २०२५ मध्ये पोलिसी नोंदींशी पडताळणी करून अनेक विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदीच बंद केल्या गेल्या, आणि कोर्टात दावे गेल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. म्हणून कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन तिची नोंद चालू आहे ना, हे तिने आत्ताच पाहावं.

व्हिसा रद्द झाला असेल आणि ती भारतात आली, तर मुंबईच्या कॉन्सुलेटमधून नवा घ्यावा लागेल. डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये अटकेच्या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर आहे, खटला रद्द झाला असला तरी. गेल्या पाच वर्षांत दारूशी संबंधित एक अटक असली तरी अर्जदाराला कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. त्यात आठवडे जाऊ शकतात आणि तोवर सेमिस्टर सुरू झालेलं असतं. कोर्टाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत जवळ हवी, आणि खटला चालू असताना ती मिळत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: खटला निकाली निघेपर्यंत तिने देश सोडू नये. टीमचा सामना कॅनडात असेल तर तोही सोडावा. डिसेंबर २०१८ पासून तिथे हा गंभीर गुन्हा धरला जातो आणि सीमेवरून परत पाठवतात.

आणखी एक गोष्ट. 'गुन्हा कबूल कर, कोर्स पूर्ण कर, मग केस रद्द होईल' अशी सवलत अमेरिकन नागरिकाला फायद्याची असते. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र ती कबुली दोषसिद्धीच धरली जाऊ शकते. साधी पहिली डीयूआय एवढ्यावरून सहसा हद्दपारी होत नाही, पण गाडीत ड्रग्ज सापडले किंवा कुणी जखमी झालं असेल तर चित्र बदलतं. फौजदारी वकिलाने परदेशी अशिलाला इमिग्रेशनवरच्या परिणामांचा सल्ला द्यायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिला खटल्यात सांगितलं आहे. तो सल्ला लेखी मागा.

प्रश्न: कोच स्कॉलरशिप काढून घेण्याची भाषा करतात. (एक वडील, शिकागो)

वर्षाच्या मध्ये एकटा कोच ती काढू शकत नाही. एनसीएएच्या नियमांत कारणं मोजकी आहेत: खेळाडू अपात्र ठरणं, फसवणूक, स्वतःहून टीम सोडणं, किंवा गंभीर गैरवर्तन. ते गैरवर्तनही विद्यापीठाच्या नेहमीच्या शिस्त कार्यालयाने ठरवायचं असतं. काढलीच तर आर्थिक साहाय्य कार्यालयाने लेखी कळवून सुनावणीची संधी द्यावी लागते आणि ती सुनावणी क्रीडा विभागाकडे नसते. नोटिशीत अपिलाची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. एक वर्षाचीच स्कॉलरशिप असेल तर पुढच्या वर्षीचा निर्णय १ जुलैपर्यंत कळवायचा असतो, खरा धोका तिथे आहे. २०२५ पासून काही विद्यापीठं खेळाडूंना महसुलातला थेट वाटा देतात. तो पैसा कराराने येतो, तेव्हा करारातलं वर्तणुकीचं कलम वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न: रात्री पार्टी झाली, झोपलो, सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला स्वतः गाडी चालवत गेलो. यात अडकू शकतो का? आणि अडवलंच तर आम्हा खेळाडूंचा तोल चांगला असतो, रस्त्यावरची टेस्ट पास होणार नाही का? (एक विद्यार्थी, अटलांटा)

अडकू शकतोस. शरीर रक्तातली दारू तासाला साधारण ०.०१५ टक्के एवढीच उतरवतं. रात्री दीडला पातळी ०.१५ असेल तर साडेपाचला गाडीत बसताना चार तासांचे ०.०६ उतरून ०.०९ उरतात. पूर्ण उतरायला सकाळचे साडेअकरा वाजतील. २१ च्या आत असशील तर जॉर्जियात मर्यादा ०.०२ आहे. कॉफी, थंड आंघोळ, घाम गाळणं, कशानेही वेग वाढत नाही, कारण जवळजवळ सगळं काम यकृत करतं.

रस्त्यावर तीन चाचण्या घेतात: डोळ्यांनी पेनचा पाठलाग, टाचेला पंजा लावून जाताना नऊ आणि परत येताना नऊ पावलं, आणि एका पायावर सुमारे ३० सेकंद. पहिलीत बुबुळांचा थरकाप पाहतात, त्याचा सरावाशी संबंध नाही. बाकी दोन्हींत तोलाबरोबर सूचना पाळणंही मोजतात. सांगण्याआधी चालायला लागलास तर तेही टिपलं जातं. उलट गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला खेळाडू न पिताही एका पायावर डगमगतो, म्हणून जुनी दुखापत असेल तर ती चाचणीआधी पोलिसाला सांगावी. या तीन चाचण्यांना बहुतेक राज्यांत नाही म्हणता येतं. अटकेनंतरच्या श्वासाच्या किंवा रक्ताच्या अधिकृत चाचणीला नकार दिला तर जॉर्जियात लायसन्स एक वर्ष जाऊ शकतं.