मुले अद्भुत बेटावर अडकतात अशी कादंबरी लिहिताना ते बेट वाचकाला खरे कसे वाटेल?

आपण दहा ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबरी लिहीत आहात. तिच्यात अलिबागजवळची चार मुले वादळात भरकटून एका अद्भुत बेटाला लागतात. पहिली प्रकरणे वाचलेल्या मुलांना ते बेट खोटे वाटले, म्हणून जादू कमी करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते जादू कमी करण्याची मुळीच गरज नाही. मात्र बेटाची जादू आणि मुलांची जगण्याची धडपड या दोन गोष्टी वेगवेगळ्या चालल्या, तर ते बेट नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखे नुसते मागे उभे राहते. मुलांना ज्या गोष्टीची सर्वांत अधिक निकड आहे, तिच्याच आड बेटाची जादू आली पाहिजे.

जुन्या दर्यावर्दी कथा रचणाऱ्यांना हे मर्म ठाऊक होते. सिंदबादच्या पहिल्या सफरीत खलाशी एका हिरव्यागार बेटावर उतरतात आणि स्वयंपाकासाठी चुली पेटवतात. ते बेट म्हणजे पाठीवर वाळू साचून झाडे उगवलेला एक प्रचंड मासा असतो, आणि चटका बसताच तो बुडी मारतो. आयर्लंडच्या संत ब्रेंडनच्या लॅटिन सफरकथेतही असाच मासा आहे. त्याचे नाव यास्कोनियस. तिथेही विस्तव पेटताच मासा हलू लागतो आणि भिक्षू नावेकडे धावतात; परंतु पुढे दरवर्षी ते ईस्टरचा सण साजरा करण्यासाठी त्याच माशाच्या पाठीवर परततात. भीतीतून ओळख आणि ओळखीतून विश्वास हा प्रवास बालवाचकाला फार भावतो. आपले बेटही असाच एक मासा असू द्या. अडकलेल्या माणसाला पहिल्या रात्री विस्तवच हवा असतो, आणि या बेटावर नेमका तोच पेटवता येत नाही. एवढ्या एका नियमावर अर्धी कादंबरी उभी राहू शकते.

नियम एकच असावा, पण तो कुणासाठीही मोडू नये. आयर्लंडच्या पश्चिमेला असल्याचे मानले गेलेले हाय ब्रासील हे बेट १३२५ सालच्या नकाशात आढळते आणि त्यानंतर काही शतके ते नकाशांवर टिकून राहिले. ते एरवी धुक्यात दडलेले असते आणि सात वर्षांतून एकच दिवस दिसते, अशी लोककथा आहे; तिचाही नियम असा एकच आहे.

आता धडपडीविषयी. १९६५ साली टोंगा देशातील सहा शाळकरी मुले नावेतून निघाली, वादळात सापडली आणि ‘आता’ नावाच्या निर्जन बेटावर जवळपास पंधरा महिने राहिली. या बेटावरच्या मूळ रहिवाशांपैकी अनेकांना १८६३ मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेले होते आणि उरलेल्यांना दुसऱ्या बेटावर हलवण्यात आले होते. त्यांच्या मागे राहिलेली केळी, अळूसारखी कंदमुळे आणि रानटी झालेल्या कोंबड्या यांवर ही मुले जगली. त्यांनी पोकळ केलेल्या ओंडक्यांत पावसाचे पाणी साठवले, कामाच्या पाळ्या लावल्या आणि विस्तव विझू दिला नाही. भांडण झाले की दोघांनी राग शांत होईपर्यंत एकमेकांपासून दूर जायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी तो काठ्यांनी बांधून बरा केला. आपल्या प्रकरणांना असाच तपशील हवा आहे. पाणी कोण आणते आणि ते आणणाऱ्याची पाळी चुकली तर काय होते, हे वाचकाला कळले की पुढे आपण सांगाल त्या जादूवर तो विश्वास ठेवतो.

आपली मुले अलिबागकडची आहेत, याचा मी भरपूर उपयोग केला असता. त्यांच्यातल्या एखाद्या कोळ्याच्या मुलीला तिथीवरून भरतीची वेळ काढता येत असेल: मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सुमारे सहा. पौर्णिमेला उधाणाची भरती असते, हेही तिला माहीत असणारच. ती चंद्र पाहते, हिशेब करते, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर कालवे काढायला सगळ्यांना घेऊन जाते, आणि खडक उघडे पडतच नाहीत. पौर्णिमेच्या दिवशीही पाण्याची रेघ जिथल्या तिथे असते. जमीन स्थिर असेल तर असे होणे शक्य नाही. पाण्याबरोबर तीही वर-खाली होत असेल, तरच ते शक्य आहे. आपण उभे आहोत ते बेट तरंगते आहे, हा शोध तिने स्वतःच्या ज्ञानातून लावला, की कुणा म्हाताऱ्या ऋषीने येऊन बेटाचे रहस्य सांगण्याची गरज उरत नाही. तसे पात्र आपल्या तिसऱ्या प्रकरणात आहे. ते काढून टाकावे, असे मी आग्रहाने सुचवतो.

सुटकेचा विचारही याच सूत्राने करावा. टोंगाच्या मुलांना सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने सोडवले. बेटाच्या उतारावरचे गवत जळालेले दिसल्यामुळे त्याचे लक्ष तिकडे गेले होते. म्हणजे मुलांच्या विस्तवानेच त्याला तिकडे खेचले. आपल्या बेटावर विस्तव पेटवला तर बेट बुडेल, आणि पेटवला नाही तर जाणाऱ्या जहाजाला मुले दिसणार नाहीत. हा पेच कादंबरीच्या शेवटच्या एक तृतीयांश भागासाठी राखून ठेवा, आणि तो सोडवण्यासाठी त्या मुलीला माशाशी झालेली ओळखच उपयोगी पडू द्या.